शुक्रवारी रात्री साडेनऊ, भांडुपहून लाइव्ह

शुक्रवारी रात्री साडेनऊला मी आमच्या भांडुपच्या घरातून लाइव्ह जाते. तासभर गाणी लावते, एकातून दुसऱ्यात नेते आणि साडेदहाला बंद करते. त्या तासात घरात गाण्याचा आवाज अजिबात नसतो. सगळं संगीत माझ्या हेडफोनमध्ये आणि वायरीतून थेट बाहेर. खोलीत ऐकू येते ती फक्त बटणांची टकटक आणि पंख्याची घरघर. सासूबाई आतल्या खोलीत मोबाइलला इअरफोन लावून ऐकत बसतात. इंटरनेटवरून फिरून गाणं त्यांच्यापर्यंत पोचायला दहा-पंधरा सेकंद लागतात. त्यामुळे मी एका गाण्यातून दुसऱ्यात शिरले की जरा वेळाने आतून हाक येते, "अगं, हे मस्त जुळलं!" तोवर माझे हात तिसऱ्या गाण्याच्या तयारीला लागलेले असतात.

डीजेइंग शिकायचं मी चाळिशी ओलांडल्यावर ठरवलं. क्लबमध्ये वाजवायचं नव्हतं, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या नव्हत्या. गाण्यांची लहानपणापासूनची ओढ, गांधर्वच्या सुरुवातीच्या परीक्षांपुरता शिकलेला तबला आणि नोकरी-घर सांभाळून उरणारी रात्रीची वेळ, एवढंच भांडवल होतं. मुंबईत हा छंद करायचा तर पहिली अडचण जागेची आणि दुसरी आवाजाची. वन बीएचकेमध्ये स्पीकर लावून रोज तेच आठ बार (एक बार म्हणजे चार ठोके) घोटत बसणं शक्य नाही, शेजारी कितीही समजूतदार असले तरी. घरून लाइव्ह जाण्याने या दोन्ही अडचणी सुटतात. शिवाय तिसरी एक गोष्ट मिळते, आणि माझ्या मते शिकण्यातला मोठा वाटा तिचाच आहे. ती म्हणजे पलीकडे ऐकणारं माणूस.

दोन रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवून एकीच्या ठोक्यांवर दुसरीचे ठोके बसवायचे, हे तंत्र काही नवं नाही. न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस ग्रासो साठच्या दशकाच्या अखेरीस हे करत होता. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्याच ब्राँक्समध्ये कूल हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन त्यातला नुसत्या तालाचा तुकडा लांबवत नेला, आणि त्यातून हिप-हॉप उभं राहिलं. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं यंत्र, १९७२ साली आलं. आज माझ्या टेबलावर जो दोन चॅनेलचा कंट्रोलर आहे त्याची मांडणी अजून त्याच वळणाची आहे. दोन गोल चकत्या, प्रत्येकीच्या बाजूला वेग कमीजास्त करायचा उभा खटका, आणि मध्ये दोन्हींचा आवाज मिसळणारा मिक्सर. फरक इतकाच, की गाणी लॅपटॉपमध्ये असतात.

कंट्रोलर मी लगेच घेतला नाही आणि कुणी विचारलं तर हाच सल्ला देते. मिक्स नावाचं (शेवटी तीन एक्स असलेलं) सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि लॅपटॉपच्या कीबोर्डवरही चालतं. आपल्याला हे खरंच आवडतंय का, हे त्यावर नीट कळतं. कंट्रोलर मी पुढे डोंबिवलीच्या एका मुलाकडून सेकंडहँड घेतला. त्याची नोकरी बंगळुरूला लागली होती आणि त्याने निघण्याआधी तासभर बसून सगळं दाखवलंही.

सुरुवातीचा खरा अभ्यास झाला तो लोकलमध्ये. सकाळची स्लो गाडी, भांडुप ते सीएसएमटी, कानात इअरफोन आणि डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा. तबल्याच्या क्लासमध्ये तीनताल असाच मोजायला शिकवतात, एका बोटावर चार मात्रा, चार बोटांवर सोळा. नाचाचं बहुतेक संगीत चार-चार ठोक्यांच्या बारमध्ये बांधलेलं असतं आणि त्यात काही नवं घडतं ते बहुधा आठ बारांनी, म्हणजे बत्तीस ठोक्यांनी. तीनतालाची दोन आवर्तनं झाली. पेरांवर दोनदा फिरलं की बरोबर त्या जागी नवा आवाज येतो, नाहीतर असलेला निघून जातो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा गाडी विद्याविहारच्या आसपास होती, आणि उतरेपर्यंत मी पुन्हा पुन्हा तेच मोजत राहिले.

यूट्यूबवरचे शिकवणारे व्हिडिओ ठोके जुळवण्यावर फार बोलतात. मला वाटतं, आपल्याकडच्या माणसाने समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, सुरुवात करावी. ठोके तंतोतंत जुळलेले असूनही एका गाण्याची सम दुसऱ्याच्या तिसऱ्या मात्रेवर पडत असेल तर ऐकणारा अस्वस्थ होतो, फक्त त्याचं कारण त्याला सांगता येत नाही एवढंच. सम समेवर आली की ठोक्यातली थोडी उणीव कान माफ करतो. तबला, पखवाज, भजनातले टाळ, यातलं काहीही ज्याच्या कानावरून गेलंय त्याची ही तयारी झालेलीच असते.

सूर जुळवण्याचंही तसंच. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याला एक ते बारामधला आकडा आणि ए किंवा बी हे अक्षर देतं. हे आकडे घड्याळासारखे एका चाकावर मांडलेले असतात. ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर, या पाश्चात्त्य संगीतातल्या दोन स्वरमांडण्या. शेजारच्या आकड्यांची गाणी एकमेकांत चांगली मिसळतात. आमच्याकडे हार्मोनियमवाले काळी एक, काळी चार म्हणतात ना, त्यातच हे सगळं आहे. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार, आणि त्या चाकावर या दोन पट्ट्या शेजारी शेजारी येतात. मात्र सॉफ्टवेअरला पर्याय चोवीसच माहीत. भैरवीच्या अंगाने जाणाऱ्या गाण्याला ते काहीतरी मेजर-मायनर ठरवून मोकळं होतं. तिथे मी आकडा न बघता षड्ज गुणगुणून बघते आणि पुढच्या गाण्याचा षड्ज त्यावर धरून पाहते. वेगाचं आणि सुराचं नातंही लक्षात ठेवावं लागतं. सूर धरून ठेवायचं बटण बंद असेल आणि वेग सहा टक्क्यांनी वाढवला, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. गायकाचा ओळखीचा आवाज लगेच परका वाटायला लागतो.

आता जुन्या गाण्यांबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच घेतला आणि आनंदही त्यांनीच दिला. हाउस किंवा टेक्नो हे नाचाचं संगीत संगणकावर बनतं, त्याचा वेग पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत एकच. आपली जुनी मराठी गाणी, कोळीगीतं, लावण्या वादकांनी एकत्र बसून वाजवलेल्या. मोजायला मशीन नाही, ढोलकीवाला हाच मोजणारा. त्यामुळे लय श्वास घेते. अंतऱ्यात किंचित पुढे सरकते, मुखड्यावर येताना सावरते. सॉफ्टवेअर एकच वेग धरून ठोक्यांच्या रेघा सारख्या अंतरावर आखतं, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं त्या रेघांवरून केव्हाच घसरलेलं असतं. रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये बदलत्या लयीसाठी विश्लेषणाचा वेगळा पर्याय आहे, तो बऱ्यापैकी काम करतो. तरी महत्त्वाच्या गाण्यांच्या रेघा मी हाताने सरकवते. रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना एकेका समेवर थांबून खुणा करायच्या, हे काम मला मनापासून आवडतं. कुठल्या जागी ढोलकीवाल्याने हात सैल सोडला आणि कुठे आवळला, हे इतक्या जवळून मी आधी कधीच ऐकलं नव्हतं.

दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं सिंक बटण वापरावं की नाही यावर लोक हिरिरीने भांडतात. एकसारख्या वेगाच्या संगीताला ते बिनधास्त वापरावं, त्यात कमीपणा नाही. लय हलणाऱ्या गाण्याला मात्र हात लागतोच. चकतीच्या कडेला बोट टेकवून पुढे-मागे ढकलायचं. एका कानात चालू गाणं, दुसऱ्यात येणारं. पुढचं गाणं मागे पडतंय की पुढे धावतंय हे आधी कळत नाही. काही आठवड्यांनी ते विचार करण्याआधीच बोटाला कळायला लागतं.

कोळीगीतांची आणखी एक खासियत. त्यांतल्या पुष्कळांचा ठेका सहा मात्रांच्या अंगाचा, डुलणारा, एका ठोक्याचे तीन भाग करणारा. हाउसमध्ये एका ठोक्याचे दोन किंवा चार भाग. तिस्र आणि चतुस्र एकमेकांवर ठेवले की मुख्य ठोके जुळूनही मधल्या जागेत भांडण होतं. मी बरेच दिवस हा नाद सोडून दिला होता. मग एकदा सरावात हाउसच्या बाजूची हायची, म्हणजे वरच्या सुरांची, कळ पूर्ण डावीकडे फिरवली. झांजेसारखी वाजणारी हाय-हॅट, म्हणजे ठोक्याचे चार भाग करणारी ती चुकचुक, नाहीशी झाली. खाली फक्त किकचा, म्हणजे मोठ्या ड्रमचा, धीम्-धीम् उरला. त्यावर कोळीगीताच्या ढोलकीचे तीन-तीन निवांत बसले, आणि किक मुळातच त्या गाण्यासाठी वाजवल्यासारखी वाटू लागली. मग आठ बारांनी हाउसचा बास काढून गाण्याचा बास आत घ्यायचा. दोन्ही बास एकदम चालू ठेवले की सगळं गढूळ होतं, म्हणून एक खाली आणि त्याच क्षणी दुसरा वर. आज माझ्या शुक्रवारांत हा जोड नेहमी असतो.

प्रक्षेपणाची तांत्रिक बाजू मी थोडक्यात सांगते. ओबीएस हे लाइव्ह प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरतं. चित्रापेक्षा आवाजाकडे आधी बघावं. चित्र अडखळलं तर लोक थांबतात, आवाज फाटला की निघून जातात. मिक्सरवर लाल दिवा लागू द्यायचा नाही आणि ओबीएसमधला काटा साधारण उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. जुनी ध्वनिमुद्रणं हळू वाजतात, नवी गाणी मोठ्याने, म्हणून प्रत्येक गाण्याची पातळी त्याच्या स्वतःच्या ट्रिमवर (आवाजाच्या कळीवर) आधीच सारखी करून घ्यायची. लॅपटॉप, कंट्रोलर आणि ओबीएस तिन्हीकडे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) एकच ठेवायचा, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. आणि कॅमेऱ्याचं चित्र आवाजाच्या मागे पडतं, तेव्हा आवाजाला काही मिलिसेकंदांचा उशीर द्यायचा. मी कॅमेऱ्यापुढे टाळी वाजवून रेकॉर्डिंग बघत बघत तो आकडा ठरवला.

एक त्रास बरेच दिवस पुरला. सुरुवातीला मी कंट्रोलरचा आवाज वायरने एका छोट्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात घेणाऱ्या डब्यात) घेत होते आणि त्यात सतत बारीक गुणगुण यायची. लॅमिंग्टन रोडला एका जुन्या दुकानात गेले. काउंटरवरच्या काकांनी एकच विचारलं, "ताई, लॅपटॉपचा चार्जर काढला की जातो का आवाज?"

"हो, बॅटरीवर असला की जातो."

"मग ग्राउंड लूप आहे. आयसोलेटर देतो मी, पण आधी घरचं अर्थिंग बघून घ्या. आधी ते, मग हे."

ग्राउंड लूप म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह, आणि आयसोलेटर त्याची वाट तोडतो. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. टेबलामागच्या सॉकेटला तिसरी वायर जोडलेलीच नव्हती, भोक तेवढं होतं. ती जोडली आणि गुणगुण पुष्कळ कमी झाली. राहिलेली आयसोलेटरने गेली. जुन्या इमारतीत राहणाऱ्या कुणालाही मी हे आधी तपासायला सांगते, डीजेइंगसाठी नाही तरी जिवासाठी.

लाइव्ह जाण्याने नेमकं काय बदललं? सरावात गाणं निसटलं की मी थांबवायचे आणि पहिल्यापासून घ्यायचे. त्याने सुरुवात उत्तम होते, सावरणं मात्र येत नाही. लाइव्हमध्ये थांबता येत नाही. ठोके सुटायला लागले की त्याच क्षणी ठरवायचं, ढकलून जागेवर आणायचं, की बास काढून पटकन बाहेर पडायचं, की चार ठोक्यांची लूप धरून, म्हणजे तेवढाच तुकडा फिरवत ठेवून, वेळ मिळवायचा. हे निर्णय घेण्याचा सराव दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने होत नाही. आधी मी लिंक फक्त बहिणीला आणि दोन मैत्रिणींना पाठवत असे. मग चिपळूणचा मामेभाऊ आला, त्याच्या ओळखीने एक परिचारिका आली, जी रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत ऐकते. माणसं मोजकीच, पण दर आठवड्याला येणारी.

त्यांच्यातल्याच एका वरळी कोळीवाड्यातल्या ताईंनी मला सगळ्यात मोठी गोष्ट शिकवली. मी एक जुनं गाणं पहिल्या कडव्यानंतर सोडून पुढे गेले होते. त्यांनी लिहिलं, "बाय, गाणं चांगलं लावलंस, पण दुसऱ्या कडव्यात तो घरी परत येतो. त्याला समुद्रात ठेवून कुठे गेलीस?" नाचाच्या संगीतात सुरुवातीला आणि शेवटी नुसता ताल ठेवलेला असतो, डीजेने जोडावं म्हणूनच. आपल्या गाण्यात शब्द असतात, गोष्ट असते, आणि गोष्ट अर्ध्यात तोडली की ऐकणाऱ्याला ते लागतं. त्या दिवसापासून मी गाण्यातून बाहेर पडायची जागा शब्द वाचून ठरवते. मुखडा परत आला, त्यानंतरचा म्युझिक पीस सुरू झाला, की तिथे पुढच्या गाण्याचा ताल आत सरकवायचा. शब्दावर शब्द येऊ द्यायचा नाही. जागा कमी असेल तर म्युझिक पीसचीच लूप करून ती वाढवायची. तासाभरात गाणी कमी बसतात. चालेल.

हक्कांचा प्रश्न टाळता येत नाही. एका प्लॅटफॉर्मवर माझं प्रक्षेपण मध्येच बंद झालं, कारण गाणं ओळखणाऱ्या यंत्रणेला ते गाणं सापडलं. त्यात तक्रारीला जागा नाही. गाणी माझी नाहीत. मिक्सक्लाउडसारख्या सेवांचे संगीत कंपन्यांशी करार असतात, मी आता तिथे जाते. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, त्यामुळे खूप जुन्या तबकड्या मोकळ्या झाल्यात असं लोकांना वाटतं. पण गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क वेगळा असतो आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. दोन्ही बघावं लागतं. नवीन संगीत मी शक्यतो बँडकॅम्प या संकेतस्थळावरून विकत घेते आणि बनवणाऱ्याला लिहून विचारते. मुंबई-पुण्यातली तरुण मंडळी आनंदाने हो म्हणतात, वर त्या शुक्रवारी स्वतः ऐकायलाही येतात.

घरात सुरुवातीला थोडी काळजी होती. डीजे म्हटलं की डोळ्यापुढे येते ती विसर्जनाच्या ट्रकवरची स्पीकरची भिंत. मला मिरवणूक प्रिय आहे, ढोल-ताशा तर फारच. तरी खिडक्यांची तावदानं थरथरेपर्यंत बास वाढवणं मला कधीच पटलेलं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ज्याच्या घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस आहे त्याला त्या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. हेडफोनचीही मर्यादा मी पाळते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित सीमा सांगते, आणि आवाज वाढेल तसे हे तास झपाट्याने कमी होतात. एक कान उघडा ठेवून, कमी आवाजात जुळवायची सवय मी पहिल्यापासून लावून घेतली. कान हेच माझं मुख्य वाद्य आहे.

सध्या नारळी पौर्णिमेच्या आठवड्यातल्या तासाची तयारी चाललीय. वरळीच्या त्याच ताईंचा भाऊ बेंजो पार्टीत वाजवतो. हळदीत वाजवलेली त्यांच्या पथकाची काही रेकॉर्डिंग त्यांनी पाठवलीत, पथकाच्या परवानगीसह. मोबाइलवर घेतलेली आहेत, मागे लोकांचा कल्ला आहे, खालचे सूर जवळजवळ नाहीतच, पण बेंजोची तार स्वच्छ आलीय. बास मी हाउसच्या बाजूने देणार आहे. त्यातलं एक बरंच लांब आहे आणि लय पायरीपायरीने चढत जाते, त्यामुळे खुणा करायला वेळ लागतोय. ते पूर्ण लावायचं ठरवलंय, कुठेही न कापता, आणि शेवटच्या चढाला किक काढून घेऊन नुसत्या पथकाला वाजू द्यायचं.